माझं चुकलं कुठे?

"ताई, माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा."

विचारणारा पंचविशीतला, बेळगावचा. मी चव्वेचाळीस वर्षांची. बंगळुरातल्या आमच्या घरचं जेवणाचं टेबल, शनिवारची रात्र, साडेदहाचा सुमार. चौदा महिने त्याने जपलेला, वाढवलेला एक योद्धा नुकताच मेला होता. मारणारी मी होते. मी केलेलं सगळं नियमांत बसत होतं. तरी त्याच्या प्रश्नाला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं उत्तर एवढंच होतं की तुझं कुठेच चुकलं नाही, आणि ते माझ्या तोंडून निघेना.

खेळ कोणता ते आधी सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला आणि त्यातून रोलप्लेइंग गेम नावाचा एक प्रकारच उभा राहिला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकाखेरीज प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. उरलेला एक गेम मास्टर. वाट, हवामान, वाटेत भेटणारी माणसं, शत्रू, हे सगळं त्याच्याकडे. खेळाडू म्हणतात, "मी दार ढकलतो." गेम मास्टर सांगतो, दारामागे काय आहे. निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. शेवटी कुणी जिंकत नाही. बोलता बोलता एक गोष्ट तयार होते, आणि ती पुढच्या खेपेला पुढे चालते. आमच्या टेबलावर मल्याळी, बंगाली, कानडी आणि आम्ही दोघं मराठी. खेळ इंग्रजी-हिंदीत चालतो. चिडतो मात्र प्रत्येक जण आपापल्या भाषेत.

त्या रात्री चौघांची पात्रं एक नदी ओलांडत होती. पाणी कमरेएवढं. पलीकडच्या खडकांमागे काही दरोडेखोर आणि दोन जादूगार दबा धरून बसले होते. ते दिसतील की नाही हे खेळात आकड्यांवर ठरतं: एकीकडे लपणाऱ्यांचा फासा, दुसरीकडे येणाऱ्यांची सहज नजर. नजर कमी पडली. आम्ही २०१४च्या नियमांनी खेळतो. त्यांनुसार गाफील सापडलेल्या माणसाची पहिल्या फेरीतली पाळी जाते. त्याला हलता येत नाही, वार करता येत नाही, आणि ती पाळी उलटेपर्यंत समोरच्याच्या चालीला तडकाफडकी उत्तरही देता येत नाही.

मग मंत्र. पहिल्या जादूगाराने 'सायलेन्स' टाकला. वीस फूट त्रिज्येचा एक गोल, ज्याच्या आत आवाजच होऊ शकत नाही. या खेळातले बहुतेक मंत्र मोठ्याने उच्चारावे लागतात. त्यामुळे आमची बंगाली मैत्रीण, जिचं पात्र गटातल्या जखमा भरून काढतं, त्या गोलात निरुपयोगी झाली. दुसऱ्याने योद्ध्यावर 'होल्ड पर्सन' टाकला. हा मंत्र शरीर थिजवतो. त्यातून सुटायचं तर मनोबलाच्या जोरावर बचावाचा फासा टाकायचा, आणि योद्ध्यांचं मनोबल बहुधा बेताचंच असतं. त्याला फासा पडला चार. मग सात. मग सहा. थिजलेल्या माणसाला जवळून लागलेला प्रत्येक वार दुप्पट फाशांचा धरतात. आमची वैद्य पाण्यातून निम्म्या वेगाने गोलाबाहेर पडली तेव्हा तिसरी फेरी चालू होती आणि वाचवायला कुणी उरलं नव्हतं. एक फेरी सहा सेकंदांची. म्हणजे अठरा सेकंद. टेबलावरची पाऊण तास.

त्या पाऊण तासात त्या मुलाने तीनदा फासा टाकला. बाकी काही केलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं.

मी भाषांतरकार आहे, त्यामुळे अडचणीत सापडले की आधी शब्दांकडे पळते. ॲम्बुशला मराठीत काय म्हणाल? दबा म्हटलं की वाघ डोळ्यांसमोर येतो. त्यात दोष कुणाचा नाही, फक्त भूक आहे. छापा सैन्य घालतं, हल्ली प्राप्तिकर खातंही घालतं. त्यात कुठेतरी अधिकाराची छटा आहे. घात म्हटलं की मागून विश्वासघात आलाच. 'न्याय्य छापा' असं म्हणता येतं. 'न्याय्य दबा' जरा विचित्र वाटतं, पण चालेल. 'न्याय्य घात' मात्र मराठीत उभंच राहत नाही. माझ्यापुढचा प्रश्न मग असा झाला: त्या नदीवर मी घातला तो छापा होता की घात?

पहिला बचाव वास्तवाचा. शत्रू हुशार असतील तर ते असंच करणार. आवाज बंद करणार, वैद्याला बाजूला काढणार, मनाने कच्च्या माणसाला थिजवणार. हा बचाव मी त्या रात्री स्वतःशी बराच वेळ केला. त्यात खोट एवढीच की ते दरोडेखोर नव्हतेच. मी होते. योद्ध्याचं मनोबल कमी आहे हे त्या जादूगाराला कसं कळलं? चौघांपैकी जखमा भरणारी कोण, हे पहिल्या सहा सेकंदांत त्यांनी कसं ओळखलं? त्यांनी ओळखलं नव्हतं, मला माहीत होतं. प्रत्येकाच्या पात्राचा कागद माझ्यापाशी असतो. त्यावर त्याची ताकद असते, आणि त्याचं दुबळं अंगही असतं. तो कागद खेळाडू मला विश्वासाने देतात, जग नीट चालवता यावं म्हणून. मी तो शत्रूच्या हाती दिला.

हा खेळ युद्धखेळांतून जन्मला, हे इथे आठवतं. १८२४ साली धाकट्या राइसविट्झने प्रशियाच्या सैन्याधिकाऱ्यांपुढे क्रीगस्पील मांडला. त्यात दोन पक्ष होते आणि मधे एक पंच. दोन्ही बाजूंचं सगळं पंचाला दिसे, पण प्रत्येक पक्षाला तो तेवढंच सांगे जेवढं रणांगणावर त्या पक्षाला खरंच कळलं असतं. सगळं माहीत असणं आणि कुणाच्याच बाजूने नसणं, या दोन गोष्टी तिथे एकत्र नांदत होत्या, कारण लढणारे दोघे वेगळेच होते. दीडशे वर्षांनी आलेल्या या अमेरिकन खेळात एक पक्ष गळून पडला आणि त्याचं काम पंचाकडे आलं. आता ज्याला सगळं दिसतं तोच हल्लाही करतो. मला वाटतं, गेम मास्टरच्या नैतिक अडचणी बऱ्याचशा इथून सुरू होतात.

दुसरा बचाव आपल्या ओळखीचा आहे. मराठी वाचकाला छापा म्हटलं की गनिमी कावा आठवतो, आणि त्याची लाज वाटत नाही, अभिमान वाटतो. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अडवली गेली ती अशीच, दाट जंगलाच्या अरुंद वाटेवर. त्याला कुणी अधर्म म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. मोठ्या फौजेपुढे लहान फौजेने उघड्यावर उभं राहावं, ही मागणी न्यायाची नसते. ती मोठ्या फौजेच्या सोयीची असते. पण हा युक्तिवाद दुबळ्याचा आहे. गेम मास्टर कधीच दुबळा नसतो. मला आठ दरोडेखोर कमी वाटले तर मी ऐंशी आणू शकते. ज्याच्या हातात डोंगरही आहे आणि नदीही, त्याने गनिमी काव्याचं नाव घेऊ नये.

मग त्याला वाचवायला हवं होतं का? सोपं होतं ते. माझे फासे पुठ्ठ्याच्या एका पडद्याआड पडतात. दरोडेखोराचा वार लागला असता 'चुकला' म्हणायचं, एवढंच. २०१४च्या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकातही या वाटेचा उल्लेख आहे. पडद्याआड फासे टाकले तर हवा तेव्हा निकाल बदलता येतो. त्या रात्री मी तसं केलं नाही आणि नंतर आठवडाभर तेच बोचत राहिलं. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्यांना फोन केला. मल्याळी गृहस्थ, जन्मभर शाळेत गणित शिकवलेले. ते म्हणाले, "तू लपवून वाचवलं असतंस तर तो जगला असता. पण मग आधीच्या चौदा महिन्यांत तो स्वतः किती वेळा वाचला आणि तू किती वेळा वाचवलंस, हे त्याला पुन्हा कधीच कळलं नसतं."

यावर मी बराच विचार केला. योहान हाइझिंगाने 'होमो लुडेन्स' या १९३८ सालच्या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत फरक केला आहे. लबाडी करणारा निदान खेळाचा मान राखण्याचं नाटक तरी करतो. खेळ मोडणारा उठून जातो आणि सगळ्यांचं जग कोसळतं, म्हणून लोक लबाडाला एक वेळ सोडतात, खेळ मोडणाऱ्याला सोडत नाहीत. गुपचूप दया करणारा गेम मास्टर या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. त्याची लबाडी स्वतःच्या फायद्याची नसते, म्हणून ती लबाडी वाटत नाही. पण समोरच्याचं यश आणि अपयश दोन्ही तो परस्पर आपल्या खात्यावर जमा करतो. त्या मुलाला नदीवर मी निष्प्रभ केलं ते एकदा. लपवून वाचवलं असतं तर आणखी एकदा केलं असतं, आणि ते त्याला कळलंही नसतं.

तुलनात्मक साहित्याच्या वर्गात शिकलेलं सौप्तिकपर्व या दिवसांत पुन्हा काढून वाचलं. झोपलेल्या छावणीवरचा अश्वत्थाम्याचा हल्ला आपल्याकडच्या रात्रीच्या छाप्यांत सगळ्यात काळा. कृपाचार्य त्याला थांबवू पाहतात, तो ऐकत नाही. त्याचंही एक म्हणणं आहे: समोरच्यांनी नियम आधीच मोडलेत, शस्त्र खाली ठेवलेल्या त्याच्या बापाला याच धृष्टद्युम्नाने मारलं आहे. पण वाचताना मी थांबले ती वेगळ्या जागी. झोपेत सापडलेला, लाथांखाली चिरडला जाणारा धृष्टद्युम्न जिवाची भीक मागत नाही. तो एवढंच मागतो की मला शस्त्राने मार. अश्वत्थामा नेमकं तेवढंच नाकारतो. मरण तर ठरलेलंच होतं. धृष्टद्युम्नाला हवं होतं ते हे, की मारणाऱ्याने त्याला योद्धा म्हणून मोजावं.

आमच्या टेबलावर रक्त सांडत नाही, दुसऱ्या आठवड्यात नवं पात्र तयार होतं, त्यामुळे ही तुलना जड वाटेल. पण मागणी तीच आहे. "माझं चुकलं कुठे" म्हणजे मला मोज. मी तिथे होतो, माझ्या असण्याने काही फरक पडला असता, एवढं दाखव. पात्र मेल्याचं दुःख त्याला होतंच, पण ते त्याने गिळलं असतं. तिथे बसला होता तो मुलगा होता की रिकामी खुर्ची, याने काहीच बिघडणार नव्हतं, हे त्याला गिळता येत नव्हतं.

म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली. छापा संपल्यावर मागे वळून पाहिलं तर एक तरी जागा सापडली पाहिजे, जिथे कळू शकलं असतं. कळलंच पाहिजे असं नाही, कळू शकलं असतं. ती जागा असेल तर हरणं न्याय्य आहे, मरणंही. नसेल तर सगळे नियम पाळूनही तो घात आहे.

मंत्रांमुळे ही कसोटी अवघड होते. साधा दरोडेखोर खोकतो, त्याचा घोडा खिंकाळतो, चुलीचा धूर दिसतो. मंत्र नेमकी हीच चिन्हं पुसतो. 'पास विदाउट ट्रेस'ने लपणाऱ्यांच्या फाशात सरळ दहाची भर पडते, म्हणजे चांगल्या नजरेचाही उपयोग राहत नाही. 'इन्व्हिजिबिलिटी' माणूस दिसेनासा करतो. पण नियमपुस्तक सावकाश वाचलं तर दिसतं की खेळ रचणाऱ्यांनी मंत्राला किंमत लावून ठेवली आहे. अदृश्य माणसाचे पाय वाजतातच, आणि त्याने वार केला किंवा मंत्र टाकला की तो दिसू लागतो. 'होल्ड पर्सन'साठी उच्चार लागतो, हातवारे लागतात, लोखंडाचा एक लहानसा सरळ तुकडा लागतो. 'सायलेन्स' दहा मिनिटंच टिकतो आणि तोवर टाकणाऱ्याला त्यावर लक्ष धरून बसावं लागतं. शांततेचीही खूण असते. ओढ्याकाठी बेडूक ओरडत असताना एका बाजूचा आवाज सुरीने कापल्यासारखा थांबला, तर ती हाकच आहे. मी त्या रात्री मंत्रांची ताकद तेवढी वापरली आणि किंमत चुकती केली नाही.

खेळाचे नियमही याच दिशेने सरकलेले दिसतात. २०१४च्या पुस्तकात 'स्लीप' या मंत्राला बचावाचा फासाच नव्हता. टाकणाऱ्याने आठ बाजूंचे पाच फासे टाकायचे, बेरजेत बसतील तेवढी माणसं झोपली. २०२४च्या पुस्तकात बचाव आला. गाफिलाची अख्खी पाळी जाण्याचा नियमही तिथे गेला. आता कुणाची पाळी आधी हे ठरवताना त्याने दोन फासे टाकायचे आणि कमी आकडा घ्यायचा. तो मागे पडतो, पण खेळात असतो. काही जुन्या खेळाडूंना हे लाड वाटतात. मला ते धृष्टद्युम्नाची मागणी मान्य केल्यासारखं वाटतं.

तेव्हापासून छापा आखताना मी तीन गोष्टी पाहते. शत्रूला तेवढंच माहीत, जेवढं त्याला कळण्याचा काही मार्ग होता. हवं तर त्याने दोन दिवस हेर मागे लावावा, आणि मग तो हेर बाजारात दोनदा दिसावा. दुसरं, प्रत्येक मंत्राची खूण आधी टेबलावर यावी, तीही एकच नको: एक कानाला, एक डोळ्यांना, एक कुणाच्या तरी बोलण्यातून. आणि तिसरं, ज्या मंत्राने हात बांधले त्याच्या जोडीला उपायाचं तोंड बांधणारा मंत्र नको. दोन्ही एकदम टाकणं नियमात बसतं. मी टाकत नाही. यात खेळ सोपा होत नाही. खुणा दिल्या तरी लोक चुकतात, हा माझा अनुभव आहे.

याचा माझ्या कामाशीही संबंध लागला, तो मी शोधला नव्हता. भाषांतर करताना मीही पडद्याआडच असते. मूळ मजकूर मला दिसतो, वाचकाला दिसत नाही. काही वर्षांपूर्वी एका कादंबरीतला एक अवघड, मुद्दाम अडखळणारा परिच्छेद मी गुळगुळीत करून दिला होता. वाचकाला त्रास नको म्हणून. कुणाच्या लक्षात आलं नाही, उलट ओघवतं झालंय असं कौतुक झालं. आता कळतं, मी वार लागलेला असताना 'चुकला' म्हटलं होतं. लेखकाने वाचकासाठी ठेवलेली ठेच मी परस्पर उचलून टाकली, आणि तिथे ठेच होती हेही त्याला कळू दिलं नाही.

मुलगा दोन महिने आला नाही. या काळात मी त्याला एकदाच लिहिलं. तुझं कुठे चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं, आणि कुठे ते सगळं सविस्तर. त्याने उत्तरात अंगठा पाठवला. मग एका शनिवारी नवं पात्र घेऊन आला. जंगलातली वाटाडी बाई, झोपण्याआधी मुक्कामाभोवती 'अलार्म' मंत्राची राखण लावणारी. का, ते विचारायची गरज नव्हती.

तीन खेपांनंतर मी पुन्हा छापा घातला. ओढा होता, संध्याकाळ होती. वाटेतल्या धनगराने सांगितलं होतं की मेंढरं हल्ली त्या पाण्यावर जात नाहीत. पलीकडच्या चिखलात ताजे ठसे होते. आणि मी म्हटलं होतं, "बेडूक ओरडताहेत. डावीकडचे एकदम थांबले." कुणी काही विचारलं नाही. कानडी मित्राला पाण्यात मासे आहेत का हे जाणून घ्यायचं होतं.

छापा पडला. दोघे बेशुद्ध झाले, एक घोडा गेला, मरता मरता सगळे वाचले. मी एकही आकडा बदलला नाही. सगळं आटोपल्यावर तो मुलगा खुर्चीत मागे रेलून थोडा वेळ गप्प बसला, आणि मग कपाळावर हात मारून हसायला लागला.

"बेडूक," तो म्हणाला. "ताई, बेडूक मी ऐकले होते."